संगणकाचे बिऱ्हाड : जुन्या डिस्कवरून नव्या एसएसडीवर

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, अशी आपल्याकडे म्हण आहे. संगणकाचे बिऱ्हाड मात्र त्याच्या पोटात असते. आपली पत्रे, छायाचित्रे, घरखर्चाचे हिशेब, शाळेचे प्रकल्प ही तर तेथे असतातच. परंतु ज्या व्यवस्थेच्या बळावर हे सारे उघडते, मिटते आणि छापले जाते, ती व्यवस्थाही तेथेच राहते. तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. हे सगळे बिऱ्हाड जुन्या हार्ड डिस्कवरून उचलून नव्या एसएसडीवर, एकही भांडे न फुटता, कसे न्यावे हा आजच्या लेखाचा विषय आहे.

आम्ही पडलो कलाशाखेचे पदवीधर. तेव्हा यंत्रविषयावर लेखणी चालविण्याचा आमचा अधिकार कोणता, असे कोणी विचारील. उत्तर इतकेच की, ज्या संगणकात आपल्या वार्षिकांकाच्या जुन्या फाइली आहेत, त्याची राखण भाषाशिक्षकांकडे आलेली आहे. गरजवंताला अक्कल नसते असे म्हणतात. आम्हांस मात्र गरजेनेच थोडीफार अक्कल दिली. ती वाटून टाकण्यात हरकत नसावी.

आपण राहतो ती अलकापुरी. हे नाव कुबेराच्या नगरीचे. तथापि येथल्या मध्यमवर्गीय मराठी घरांवर दर चार वर्षांनी नवा संगणक घेण्याइतका कुबेर प्रसन्न नसतो. दहा वर्षांपूर्वी मोठ्या मुलासाठी घेतलेला संगणक आज धाकटी वापरते. सकाळी तो चालू करावा, आईने चहा टाकावा, चहा गाळून पिऊन व्हावा, तरी पडद्यावर गोल फिरतच असावे, हा अनुभव पुष्कळांचा असेल. ‘जुना झाला, आता भंगारात द्या’ असा निवाडा मग दिला जातो. हा निवाडा बहुधा अन्यायाचा असतो. हिशेब करणारा भाग, म्हणजे प्रोसेसर, अजून तरुण असतो. धापा टाकीत असते ती हार्ड डिस्क. त्यातच मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचे सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविले, त्यामुळे घरोघरी या जुन्या यंत्रांचे काय करावे हा प्रश्न उभा राहिला आहे. विंडोज ११ ज्यावर चालत नाही अशा यंत्रावर लिनक्सच्या जातीची एखादी प्रणाली घालता येते. आपल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने तयार केलेली ‘बॉस’ ही त्यांपैकीच एक. कोणताही मार्ग धरला तरी जुनी डिस्क काढून नवी बसविणे हा त्यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी उपाय, असे आमचे मत आहे.

हार्ड डिस्क धापा का टाकते, हे थोडे गणिताने पाहू. तिच्या आत गुळगुळीत गोल तबकड्या असतात. लॅपटॉपमधील तबकडी सामान्यतः मिनिटाला ५४०० वेळा फिरते, म्हणजे सेकंदाला ९० वेळा. एका फेरीला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. तबकडीवर एक बारीक भुजा इकडून तिकडे सरकते व तिच्या टोकाशी असलेले शीर्ष चुंबकीय खुणा वाचते. हवी ती खूण शीर्षाखाली येण्यास सरासरीने अर्धी फेरी, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद थांबावे लागते. भुजेला योग्य वर्तुळावर जाण्यास आणखी दहा-बारा मिलिसेकंद जातात. बेरीज सोळा-सतरा झाली. म्हणजे विखुरलेल्या जागांहून अशी डिस्क सेकंदाला सुमारे ६० तुकडेच वाचू शकते. समजा, संगणक सुरू होताना असे दहा हजार तुकडे वाचायचे आहेत. दहा हजार भागिले साठ, म्हणजे १६६ सेकंद. पावणेतीन मिनिटे केवळ भुजेच्या येरझाऱ्यांत गेली! एसएसडीमध्ये तबकडी नाही, भुजा नाही, फिरणारे काहीच नाही. तेथे एक तुकडा हाती येण्यास मिलिसेकंदाचा दहावा भाग धरला, तर तेच काम एका सेकंदाचे ठरते. गणित ढोबळ आहे आणि प्रत्यक्षात आणखीही कामे असतात; परंतु दोन मिनिटांचे पंधरा सेकंद का होतात, याचे मर्म या ढोबळ गणितात आहे.

हार्ड डिस्कला नावे ठेवण्यापूर्वी तिचे वय लक्षात घ्यावे. आयबीएम कंपनीने १९५६ साली रामॅक नावाचे यंत्र बाजारात आणले. त्यात दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, वजन टनाच्या घरात होते, आणि एवढ्या पसाऱ्यात अवघी पन्नास लाख अक्षरे मावत. आज मोबाइलने काढलेली दोन छायाचित्रेही त्यात राहिली नसती. एसएसडीचा जन्म निराळ्या घराण्यातला. जपानमधील तोशिबा कंपनीचे फुजिओ मासुओका यांनी १९८० नंतरच्या दशकात फ्लॅश स्मृतीचा शोध लावला. त्यांपैकी नँड नावाचा प्रकार १९८७ मध्ये जगापुढे आला आणि पेन ड्राइव्ह, मोबाइल, एसएसडी ही सारी त्याचीच संतती होय. या चिपेत अतिसूक्ष्म कप्पे असतात व प्रत्येक कप्प्यात विद्युत्भार कोंडून ठेवलेला असतो. वीज बंद केली तरी तो भार तेथेच राहतो. भार किती आहे हे मोजले की अंक वाचला. आपल्याच राज्यात साणंद येथे अशा स्मृतिचिपांची जुळणी व चाचणी करण्याचा कारखाना उभारण्याचे मायक्रॉन या अमेरिकी कंपनीने जून २०२३ मध्ये जाहीर केले, तेव्हा हा विषय आता आपल्या अंगणात आला आहे असे म्हणण्यास हरकत नाही.

आता मुख्य मुद्दा. पुष्कळांस वाटते की, जुन्या डिस्कवरील सर्व फाइली निवडाव्यात, नव्या डिस्कवर चिकटवाव्यात, झाले काम. तसे केले तर नव्या डिस्कवर फाइली दिसतील, परंतु संगणक तिच्यावरून सुरू होणार नाही. का होणार नाही, हे समजण्यासाठी संगणक जागा कसा होतो ते पाहिले पाहिजे.

कळ दाबताच पहिले हुकूम सुटतात ते डिस्कवरून नव्हेत, तर मदरबोर्डवरील एका लहानशा चिपेतून. तिच्यातील लेखनास जुन्या यंत्रांत बायोस व नव्यांत यूईएफआय म्हणतात. हा दारावरचा पहारेकरी. त्याला ऑपरेटिंग सिस्टिम कोठे निजली आहे ते ठाऊक नसते. डिस्कवरच्या एका ठरलेल्या जागी जाऊन चौकशी करावी, एवढेच त्यास माहीत. जुन्या पद्धतीत ती ठरलेली जागा म्हणजे डिस्कचा अगदी पहिला, ५१२ बाइटांचा तुकडा; नव्या पद्धतीत ती एक लहानशी स्वतंत्र वाटणी असते आणि ‘सी’ ड्राइव्ह उघडून पाहणाऱ्याच्या दृष्टीस ती पडतच नाही. तेथे बूट लोडर नावाचा चिमुकला कार्यक्रम असतो. पहारेकरी त्याला उठवितो, तो प्रणालीच्या गाभ्याला उठवितो, आणि गाभा बाकीच्या सर्वांस. आपण केवळ फाइली नेल्या, तर हा मधला निरोप्या जुन्या घरीच राहून गेला. नव्या डिस्कच्या दारात पहारेकरी उभा राहून हाका मारील आणि आतून कोणी ओ देणार नाही.

दुसरी अडचण अशी की, विंडोज चालू असताना तिच्याच कित्येक फाइली तिच्या वापरात असतात. पंगत बसली असता पाहुण्यांच्या बुडाखालचे पाट ओढून काढता येत नाहीत, तद्वत त्या फाइलींची साधी नक्कल करता येत नाही. प्रत्येक फाइल कोणी उघडावी, कोणी बदलावी यांविषयीचे अधिकारही तिला चिकटलेले असतात. साध्या नकलेत तेही नीट उतरत नाहीत.

आमची घरची भाषा कोकणी. त्यामुळे असा विषय निघाला की आम्हांस गोमंतकाच्या इतिहासातील एक प्रसंग आठवतो. १५६० च्या सुमारास पोर्तुगीज राजवटीच्या भयाने कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा, श्रीमंगेश झुआरी नदीपलीकडे प्रियोळ येथे नेण्यात आला. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली. मूर्ती पालखीत ठेवून नदी ओलांडली म्हणजे देवस्थान हलले असे होत नाही. पूजेचा क्रम, सेवेकऱ्यांची कामे, उत्सवाचे दिवस, कोणाचा मान कोठे, हे सर्व नव्या जागी जसेच्या तसे बसते तेव्हा देवस्थान पुन्हा नांदू लागते. ऑपरेटिंग सिस्टिमचेही तसेच आहे. फरक एक, आणि तो आपल्या सोयीचा: येथे मूळ जागचे काहीही न हलविता नव्या जागी हुबेहूब दुसरी प्रत उभी करता येते. या क्रियेस क्लोनिंग म्हणतात. डिस्कवरील सर्व वाटण्या, दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्या, त्यांच्या क्रमासह उतरवून घेणे हे तिचे स्वरूप होय.

याला पर्याय म्हणजे नव्या एसएसडीवर प्रणाली अगदी कोरी बसवावी आणि नंतर फक्त आपल्या फाइली आणाव्यात. जाणकारांपैकी कित्येक जण याच पद्धतीची शिफारस करतात. वर्षानुवर्षे साचलेला कचरा जुन्या घरीच राहतो, नवे घर स्वच्छ राहते, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. ज्या घरातील संगणकावर केवळ चित्रपट पाहिले जातात आणि वीजबिल भरले जाते, तेथे आम्हीही हेच सांगू. परंतु ज्या संगणकात जुने मराठी लेखन आहे, तेथे कोरी प्रणाली बसविण्याची घाई करू नये. हा सल्ला इंग्रजी पुस्तकांत सहसा आढळत नाही, म्हणून तो विस्ताराने देतो.

युनिकोड ही संकेतपद्धती १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली व तिच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला १२८ घरांचा स्वतंत्र वाडा मिळाला. त्याच वर्षी भारतीय मानक ब्यूरोने इस्की हे आपल्या लिप्यांचे मानकही ठरविले. पण छापखान्यांचा व्यवहार निराळ्याच वाटेने चालला होता. पानांची मांडणी करणाऱ्या त्या काळच्या सॉफ्टवेअरला देवनागरीचे जोडाक्षर कळत नसे. म्हणून फॉन्ट तयार करणाऱ्यांनी एक युक्ती काढली. रोमी अक्षरांच्या जागी त्यांनी देवनागरीची चित्रे बसविली. संगणकाच्या लेखी फाइलीत रोमी ‘के’ होता. पडद्यावर मात्र त्या फॉन्टच्या कृपेने ‘क’, नाहीतर एखादी वेलांटी दिसे. श्रीलिपी, कृतिदेव अशा अनेक घराण्यांचे फॉन्ट असे होते आणि प्रत्येक घराण्याची बैठक वेगळी. एका फॉन्टात जेथे ‘म’ बसला, तेथे दुसऱ्यात मात्रा बसलेली. महाराष्ट्रात आणि बडोद्यातही कैक वर्षे स्मरणिका, लग्नपत्रिका, शोधनिबंध, दिवाळी अंक याच पद्धतीने तयार झाले. आपले युनिकोडपूर्व वार्षिकांकही त्यांतलेच.

आता कल्पना करा. अशा संगणकाची डिस्क काढून टाकली, नवीवर कोरे विंडोज घातले आणि आजोबांनी लिहून घेतलेल्या आठवणींची फाइल तेवढी जपून आणली. फाइल उघडते. आत काय दिसते? रोमी अक्षरे, स्वल्पविराम, कंस आणि चिन्हे यांची खिचडी. फाइल शाबूत आहे, एक बाइटही हरवलेला नाही. तरी आजोबा मुके झाले. कारण त्यांचा आवाज फाइलीत नव्हता, तो जुन्या विंडोजच्या फॉन्ट्स नावाच्या फोल्डरात होता, आणि तो फोल्डर जुन्या घरी राहिला. त्यातून काही मराठी सॉफ्टवेअर चालण्यासाठी डाँगल नावाची एक लहान किल्ली संगणकाला मागून लावावी लागे. ती कोणीतरी रद्दीच्या खोक्यात टाकलेली असते.

क्लोनिंग केले म्हणजे फॉन्टांसह सर्व बिऱ्हाड येते, आणि आवाज शाबूत राहतो. पण तेवढ्यावर स्वस्थ बसू नये. जुनी प्रणाली जिवंत आहे आणि जुने फॉन्ट चालत आहेत, तोवर अशा फाइली युनिकोडमध्ये उतरवून घ्याव्यात. त्यासाठी परिवर्तक नावाचे कार्यक्रम मिळतात. फाइल कोणत्या घराण्याच्या फॉन्टात आहे हे आधी नेमके पाहून तोच परिवर्तक वापरावा, आणि सोबत मूळ पानाची पीडीएफ प्रत काढून ठेवावी, म्हणजे पुढे शंका आली तर ताडून पाहता येते.

शंका येतेच. येथे व्याकरणाच्या तासाची थोडी आठवण करून देतो. मराठीत ‘र’ चे जोडाक्षर दोन तऱ्हांनी लिहितात. ‘सूर्य’ मध्ये तो रफार होऊन डोक्यावर चढतो. ‘दुसऱ्या’ मध्ये तो आडवा, पापणीसारखा राहतो. युनिकोडमध्ये या दोन रूपांचे संकेत वेगळे आहेत. हिंदीसाठी केलेल्या परिवर्तकांना हा भेद बहुधा ठाऊक नसतो, आणि ते सरसकट रफार देऊन मोकळे होतात. मग काय घडते पाहा. मूळ लेखात असते, ‘लग्नात आचाऱ्यांना शंभर रुपये दिले.’ परिवर्तन झाल्यावर वाचावे लागते, ‘लग्नात आचार्यांना शंभर रुपये दिले.’ स्वयंपाक्याचा गुरुजी झाला! गुरुजनांस हा बदल मानाचा वाटेल की अपमानाचा, हे दक्षिणेच्या रकमेवर ठरावे. परंतु लेखकाचा आशय बदलला हे निश्चित. वाऱ्यावर, दऱ्या, तऱ्हा, बऱ्हाणपूर हे शब्द प्रत्येक परिवर्तित फाइलीत शोधून पाहावेत. या कामाला यंत्र पुरत नाही. आठवी-नववीचे विद्यार्थी आणि शुद्धलेखनाची आवड असलेले आजी-आजोबा यांची जोडी यास सर्वोत्तम.

असो. आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू.

एसएसडी विकत घेण्यापूर्वी यंत्र उघडून किंवा त्याची माहितीपुस्तिका पाहून जोडणी कोणती आहे ते ठरवावे. जुन्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची, साटा जोडणीची डिस्क असते, तिच्या जागी त्याच आकाराची एसएसडी अचूक बसते. नव्या यंत्रांत च्युइंगगमच्या पट्टीएवढी एम-टू जातीची पट्टी लागते. ती बहुधा २२ मिलिमीटर रुंद व ८० मिलिमीटर लांब असते. या पट्टीतही साटा आणि एनव्हीएमई असे दोन पंथ आहेत आणि एकाच्या खाचेत दुसरा चालेलच असे नाही. दुकानदारास यंत्राचा नमुना क्रमांक सांगावा, नुसते ‘एसएसडी द्या’ म्हणू नये.

आकारमानाविषयी एक गैरसमज दूर करतो. २५६ जीबीची एसएसडी आणली आणि विंडोजने ती २३८ ची दाखविली, की दुकानदाराने फसविले अशी तक्रार येते. फसवणूक नाही. कारखानदार एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतो. विंडोज दोनाचा तिसावा घात, म्हणजे १०७,३७,४१,८२४ बाइट धरते. २५६ अब्जाला या संख्येने भागून पाहा, २३८.४ हे उत्तर येईल. गणिताच्या शिक्षकांनी हे उदाहरण घातांकांच्या धड्याला जोडावे, असे आम्ही त्यांस सुचविले आहे. मात्र ५०० जीबीच्या हार्ड डिस्कऐवजी ४८० जीबीची एसएसडी स्वस्त पडते म्हणून घेतली, तर क्लोनिंगचे काही कार्यक्रम ‘नवी डिस्क लहान आहे’ म्हणून अडून बसतात. अशा वेळी जुन्या डिस्कवरील वाटणी आधी आकसून घ्यावी लागते. ती कटकट नको असेल तर नवी जुनीइतकी किंवा थोडी मोठीच घ्यावी.

क्लोनिंगला हात घालण्यापूर्वी महत्त्वाच्या फाइलींची वेगळी प्रत बाहेरच्या एखाद्या डिस्कवर काढून ती डिस्क सोडवून बाजूला ठेवावी. हे पाऊल पुष्कळ जण गाळतात. लॅपटॉपवर बिटलॉकर नावाचे कुलूप आहे की नाही ते पाहावे. असल्यास त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर उतरून घ्यावी व कुलूप तात्पुरते काढावे. लॅपटॉप विजेला जोडावा, आणि मेजावरील संगणक असेल तर यूपीएसवर चालवावा. पावसाळ्यात ‘लाइट गेली’ हे वाक्य आपण आठवड्यातून किती वेळा ऐकतो, ते सांगणे नलगे.

आम्हांस क्लोनझिला हा कार्यक्रम पसंत आहे. तैवानच्या राष्ट्रीय महासंगणन केंद्रात तो तयार झाला असून विनामूल्य मिळतो. तो पेन ड्राइव्हवर घालून संगणक त्या पेन ड्राइव्हवरूनच सुरू करावयाचा असतो. याचा लाभ असा की, जुनी विंडोज या वेळी गाढ झोपेत असते; पंगत उठलेली असते आणि पाट खुशाल उचलता येतात. नवी एसएसडी यूएसबीच्या केसिंगमध्ये घालून बाहेरून जोडावी. ज्यांना काळ्या पडद्यावरच्या इंग्रजी अक्षरांचे भय वाटते, त्यांनी एसएसडीच्या कारखानदाराने दिलेला, विंडोजमध्येच चालणारा कार्यक्रम वापरावा. काम तेच.

या सर्व क्रियेत खरोखर भीती बाळगावी अशी एकच जागा आहे. कोणत्या डिस्कवरून कोणत्या डिस्कवर, हा प्रश्न जेथे विचारला जातो ती. दिशा उलट दिली गेली तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि वीस वर्षांचे साठवण काही मिनिटांत पुसले जाते. यंत्राला त्याचे सुखदुःख नाही. पडद्यावर डिस्कची नावे ‘एसडीए’, ‘एसडीबी’ अशी एकाच छापाची दिसतात, त्यांवर विसंबू नये. दोन्ही डिस्कचा कारखानदार, नमुना क्रमांक आणि आकारमान आधी कागदावर लिहावे. एकाने पडद्यावरचे मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने कागदाशी ताडावे, आणि दोघांचे एकमत झाल्यावरच होकाराची कळ दाबावी. छायाचित्रांची किंवा अन्य कोणतीही तिसरी डिस्क त्या वेळी संगणकाला जोडलेली नसावी. शाळेत आम्ही हे काम दोघा विद्यार्थ्यांशिवाय करू देत नाही; एकट्याने करण्यातच धोका आहे.

नक्कल होण्यास डिस्कच्या भरतीप्रमाणे अर्ध्या तासापासून कित्येक तासांपर्यंत वेळ लागतो. ती संपल्यावर संगणक पूर्ण बंद करावा. दोन्ही जुळ्या डिस्क जोडलेल्या ठेवून विंडोज सुरू करू नये. दोघींवर एकच ओळखखूण असल्याने तिचा गोंधळ उडतो. वीज सोडवून, लॅपटॉपची बॅटरी काढून किंवा बंद करून, हात एकदा धातूच्या वस्तूला लावून अंगावरची स्थितिक वीज उतरवावी (हिवाळ्याच्या कोरड्या हवेत हे विशेष जपावे) आणि मग डिस्क बदलावी. सुरू करताना पहारेकऱ्यास, म्हणजे बायोसला, नव्या डिस्कचे नाव यादीत प्रथम आहे ना ते विचारावे. विंडोजचा परवाना मुख्यतः मदरबोर्डशी बांधलेला असतो, त्यामुळे डिस्क बदलल्याने तो सहसा जात नाही.

संगणक सुरू झाला, चहा टाकण्यापूर्वीच पडदा तयार झाला, घरात आनंद झाला. आता प्रथम एक जुनी मराठी फाइल उघडून पाहावी. मग छपाईचे एक पान काढावे. मग छायाचित्रांपैकी पाचपंचवीस ठिकठिकाणची उघडावीत. डिफ्रॅग नावाची जी क्रिया जुन्या डिस्कसाठी करीत असू, ती एसएसडीवर करू नये. तुकडे विखुरलेले असले तरी येथे भुजेची येरझार नसल्याने लाभ शून्य, आणि कप्प्यांना लेखनाच्या ठराविक आवर्तनांचेच आयुष्य असल्याने झीज मात्र होते. विंडोजला हा भेद स्वतः कळतो, तिला तिच्या पद्धतीने चालू द्यावे.

एसएसडीचे दोन दोषही सांगितले पाहिजेत. हार्ड डिस्क मरण्यापूर्वी पुष्कळदा कुरकुर करते, टकटक वाजते. एसएसडी पुष्कळदा एकही शब्द न बोलता जाते. शिवाय कप्प्यांत कोंडलेला विद्युत्भार कालांतराने हळूहळू गळतो. वर्षानुवर्षे वीज न देता, गरम खोलीतल्या पेटीत ठेवलेली एसएसडी हा दस्तऐवज जपण्याचा मार्ग नव्हे. ती रोजच्या धावपळीची वस्तू आहे.

म्हणूनच काढलेली जुनी हार्ड डिस्क लगेच पुसू नये व विकूही नये. निदान महिनाभर ती जशीच्या तशी ठेवावी. काही राहून गेले असल्यास त्या अवधीत ध्यानात येते. पुढे ती विकायची झाली तर आधी संपूर्ण डिस्कवर एकदा शून्ये लिहून घ्यावीत, नुसते डिलीट करणे पुरेसे नाही. पण आमच्या मते विकण्यापेक्षा तिला पाचसातशे रुपयांच्या केसिंगमध्ये घालून प्रतींसाठी वापरणे बरे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा तळमजल्यावर राहणाऱ्यांस संगणक आणि त्याच कपाटातली त्याची प्रत, दोन्ही एकाच पाण्यात भिजू शकतात, हे वेगळे सांगावे लागले नाही. तीन प्रती असाव्यात, त्यांतील एक दुसऱ्या घरी असावी. पुण्याला किंवा सांगलीला मावशी असतेच.

बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या काळी फिरत्या वाचनालयांच्या लाकडी पेट्या गावोगाव जात असत. शाळेच्या जुन्या हार्ड डिस्कसाठी आम्ही तशीच एक लहान पेटी करविली आहे. तिच्या झाकणाच्या आतल्या बाजूस कागद चिकटवला आहे आणि त्यावर डिस्कचा नमुना क्रमांक, नक्कल केल्याची तारीख, आतील वार्षिकांकांची वर्षे व प्रत्येक अंक कोणत्या फॉन्टात आहे, हे पक्क्या शाईने लिहिलेले आहे. ही पेटी वाचनालयाच्या दुसऱ्या मजल्यावरील कपाटात असते. दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्या शनिवारी ती उघडून, डिस्क जोडून, प्रत्येक अंकाचे एक पान वाचून पाहावयाचे काम नववीच्या वर्गाकडे दिलेले आहे. ज्या विद्यार्थ्यांस यात भाग घ्यावयाचा असेल, त्यांनी आपली नावे वर्गशिक्षकांकडे द्यावीत. ‘आचाऱ्या’ आणि ‘आचार्य’ यांतला भेद ओळखता येणे एवढीच अट आहे.